टाइम ऑफिसमधला खोका : शिधा मोहिमेच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२०

२२ जून, सोमवार

एचआर मॅडमनी बोलावून सांगितलं, कंपनीत धान्य गोळा करायचंय, तुमच्याकडे जागा आहे, तर स्टोअरने बघा. जागा आहे हे खरं. रॅक रिकामे आहेत कारण माल येत नाही, आणि माल येत नाही कारण ऑर्डर नाही. मे महिन्यात गेट उघडलं तेव्हापासून एकच शिफ्ट चालते. पर्मनंट लोक एक दिवसाआड येतात, स्टाफचा पगार पंचवीस टक्के कापलाय, आणि कंत्राटी पोरांना अजून फोनच गेलेला नाही.

मोहीम कुणासाठी, असं विचारलं. "गरजूंसाठी," मॅडम म्हणाल्या. गरजू म्हणजे कोण ते त्यांनाही वरून आलेलं नव्हतं. एखाद्या संस्थेला देऊ, बॅनर लावून फोटो काढू, असा एकूण बेत दिसला. मी म्हटलं, मॅडम, मार्चपर्यंत माझ्याकडे लोडिंग-अनलोडिंगला जी चार पोरं होती ती चाकणजवळ नाणेकरवाडीत खोलीवर बसून आहेत. आधी त्यांना तर विचारू. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, यादी काढा.

नवी वही घेतली. आवक, जावक, शिल्लक असे तीन रकाने आखले. वीस वर्षांची सवय, दुसरं काही सुचत नाही.

२४ जून, बुधवार

कंप्रेसरचा पार्ट ज्यात आला होता तो मोठा खोका टाइम ऑफिसमध्ये, सॅनिटायझरच्या स्टँडशेजारी ठेवला. कागद चिकटवला: 'शिधा इथे टाका'. सिक्युरिटीवाला कपाळावर बंदूक रोखून ताप बघतो, त्याच्या पुढ्यातच. म्हणजे प्रत्येकाची नजर पडणार.

दोन दिवसांची आवक: मीठ १४ पुडे. नूडल्स ११ पाकिटं. साबुदाणा ४ किलो (एकादशी तोंडावर आली म्हणून लोकांनी घरी आणला आणि त्यातलाच थोडा इकडे टाकला असावा). कॉर्नफ्लेक्स एक डबा, उघडून पुन्हा रबर लावलेला. कस्टर्ड पावडर, बेस्ट बिफोर फेब्रुवारी. साखर एक किलो, मुंग्यांसकट. आणि सोनपापडीचे तीन डबे. दिवाळीला कंपनीनेच वाटले होते ते. कंपनीतून निघून घरोघरी फिरून पुन्हा कंपनीत आले.

स्टोअरमध्ये माल आला की आधी इन्स्पेक्शन होतं, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, बनते. इथेही तेच केलं. तारीख उलटलेलं, फुटलेलं, उघडलेलं वेगळं काढून लाल टॅग लावला. लोकांना राग येईल असं मॅडमना वाटलं. म्हटलं, सप्लायरचा माल रिजेक्ट करताना आपण त्याच्या भावना बघतो का?

एक गोष्ट मात्र वेगळी लिहून ठेवतो. टूल रूमचा एक हेल्पर, भोर तालुक्यातला, घरच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ घेऊन आला. तीन किलो असेल, जुन्या साडीच्या कापडाची पिशवी शिवून त्यात बांधलेला. खोक्यात टाकला नाही, माझ्या हातात आणून दिला. "वजन करून घ्या काका, वहीत लिहा." तीन किलो शंभर ग्रॅम भरला.

२७ जून, शनिवार

कंत्राटदाराकडून यादी मिळवायला तीन दिवस गेले. त्याला भीती की यादी दिली तर जबाबदारी गळ्यात पडेल. शेवटी ६४ नावं आली. मी आणि डिस्पॅचचा क्लार्क दोघांनी वाटून फोन केले. १९ जण गावाला गेलेत, ७ जणांचे फोन बंद. उरले ३८. त्यातल्या सहा जणांनी सांगितलं, आमचं चाललंय, दुसऱ्या कुणाला द्या. म्हणजे ३२.

फोनवर तीनच प्रश्न विचारायचे ठरलं होतं: घरात खाणारी तोंडं किती, रेशन कार्ड कुठे आहे, आणि काय संपलंय. तिसरा प्रश्न माझा. स्टोअरमधून काही उचलायचं तर आधी इंडेंट लागतो, ज्याला हवंय त्याने लिहून द्यायचं काय हवंय आणि किती. दान करताना इंडेंट कुणी मागत नाही, म्हणून तर सोनपापडी येते.

उत्तरं बघा. "तेल." "तेल आणि डाळ." "गॅस, काका. तांदूळ आहे पण शिजवू कशावर?" "पोरीचं दूध पावडर." "गहू नको, दळायला पैसे लागतात आणि आम्ही भाकरीवाले, ज्वारी मिळाली तर बघा." हे ज्वारीचं लातूर, नांदेड, वाशीमकडच्या १८ घरांनी सांगितलं. नूडल्स ३८ पैकी एकानेही मागितले नाहीत.

माझ्याच हाताखालचा एक पोरगा, परतूरकडचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, धान्याचं आम्ही बघतो कसंतरी. कामाचं कधी?" मी म्हटलं बघू. वहीत त्याच्या नावापुढे 'तेल २ लि.' लिहिलं.

३० जून, मंगळवार

दुपारी चारला पंतप्रधानांचं भाषण होतं, कँटीनमध्ये टीव्हीवर बघितलं. मोफत धान्य नोव्हेंबर अखेरपर्यंत वाढवलं: माणशी ५ किलो गहू किंवा तांदूळ, घरटी १ किलो हरभरा. अकाउंट्सचे साहेब म्हणाले, मग आता आपल्या खोक्याची गरज काय?

त्यांना वही दाखवली. ३८ घरांत रेशन कार्ड इथे असलेले ५. गावाकडे आई-वडिलांच्या कार्डात नाव असलेले २४. कार्डच नसलेले ९. इथल्या पाचांतलीही दोन कार्डं पांढरी, म्हणजे कागदावर वर्षाला लाखाच्या वर उत्पन्न असलेली. कधीकाळी ओव्हरटाइम धरून काढलेला दाखला असणार. पांढऱ्यावर काही मिळत नाही. केशरीवाल्यांपैकी जे अन्नसुरक्षा यादीत नव्हते त्यांना मे-जूनमध्ये गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने मिळाला, माणशी पाच किलो. ती मुदत आज संपली.

गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य उचलता येतं, पोर्टेबिलिटी आहे. पण दुकानातल्या ई-पॉस मशीनवर ज्याचा अंगठा लागायचा त्याचं आधार रेशन कार्डाशी जोडलेलं हवं, आणि गावाकडे म्हाताऱ्याने महिन्याचा पूर्ण कोटा आधीच उचलला असेल तर इथे मशीन शून्य दाखवतं. म्हाताऱ्याने उचलू नये, असं कोण सांगणार? तरी डिस्पॅचच्या क्लार्कने मनावर घेतलंय. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, तिघांना घेऊन दुकानात जाणार आहे.

आज माउलींच्या पादुका आळंदीहून एसटीने पंढरपूरला निघाल्या. दरवर्षी या दिवसांत आमच्याकडे निम्मी शिफ्ट रजेवर असते. यंदा रजेचा एकही अर्ज नाही.

४ जुलै, शनिवार

क्लार्कचा रिपोर्ट: तिघांपैकी एकाचं काम झालं. २० किलो मिळालं. उरलेल्या दोघांचं आधार जोडलेलं नाही.

पैशाचं सांगायचं तर आधी एक दिवसाचा पगार सरसकट कापायचा प्रस्ताव होता. ज्याला द्यायचा नसेल त्याने कळवावं, असा मेल. युनियनचे अध्यक्ष वर जाऊन भांडले आणि मला त्यांचं पटलं. आधीच कापलेल्या पगारातून आणखी कापायचं आणि 'नाही' म्हणायला मेल लिहायला लावायचं, ही कसली स्वेच्छा? कायद्यानेही असं कापायला लेखी संमती लागते. शेवटी पाकिटं ठेवली. नाव लिहायचं की नाही, ज्याची त्याची मर्जी.

११८ माणसांतून ४६,३५० रुपये जमले. मोठ्या पगाराच्या दोघांनी पाच-पाच हजार दिले, त्याचं मोल आहेच. एका पाकिटात ५१ रुपये निघाले, आत चिठ्ठी: 'या महिन्यात एवढंच.' ते पाकीट मी टाकलेलं नाही. अकाउंट्सच्या साहेबांना कुणीतरी ८०जीची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळायची, पावती मागितली. त्यांनी सांगून टाकलं, वस्तू दिल्या तर वजावट मिळत नाही, आणि आपण काही नोंदणीकृत संस्था नाही. तो माणूस हिरमुसला, पण पैसे परत नाही मागितले.

वरून हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चात, दाखवायचा विचार होता. तोही साहेबांनीच खोडला. फक्त आपल्याच माणसांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. मग कंत्राटी पोरं आपली माणसं आहेत की नाहीत यावर अर्धा तास चर्चा झाली. पगाराच्या वेळी नाहीत आणि सीएसआरच्या वेळी आहेत, असं काहीसं निघालं. मी चहा घेतला.

७ जुलै, मंगळवार

खरेदी. चाकणच्या भुसार दुकानात ठोक भाव काढला. चार माणसांच्या घराला साधारण महिना ओढता येईल असं किट: गहू १० किलो २८० रुपये, तांदूळ ५ किलो १९०, तूरडाळ २ किलो १९०, तेल २ लिटर १९६, साखर २ किलो ७६, चहा पाव किलो ८०, शेंगदाणे किलोभर १२०, तिखट ६०, हळद २०, अंगाचे-कपड्यांचे साबण ६०. एकूण १,२७२. ज्वारीवाल्यांना निम्मा गहू, निम्मी ज्वारी, त्याचे ३० रुपये जास्त. १४ किट साधी आणि १८ ज्वारीची, मिळून ४१,२४४ रुपये.

मीठ विकत घेतलं नाही. खोक्यात आतापर्यंत ४१ पुडे जमलेत. वीस रुपयांत हात मोकळा होतो म्हणून लोक मीठ टाकतात, असं मी म्हणत होतो. कँटीनच्या मावशींनी ऐकलं. म्हणाल्या, "तसं नसतं हो. घरातलं मीठ संपू द्यायचं नसतं, म्हणून देतात." त्यांनी स्वतः दोन पुडे टाकलेत. त्यांचाही पगार एप्रिलपासून निम्मा आहे, हे मला आज कळलं. कँटीन कंत्राटदाराची माणसं आमच्या ६४च्या यादीत नव्हतीच! आपल्या रोजच्या ताटात वाढणाऱ्या बाईचं नाव यादीत नाही आणि यादी मी केली.

मावशींना विचारलं तर नको म्हणाल्या. पुन्हा विचारलं नाही. बरोबर केलं की चूक, ठरवता येत नाही.

१० जुलै, शुक्रवार

१३ तारखेच्या मध्यरात्रीपासून पुणे आणि पिंपरी चिंचवडला पुन्हा लॉकडाऊन, २३ पर्यंत. आमचा बहुतेक स्टाफ भोसरी-निगडीकडचा, म्हणजे प्लांट बंदच. किट १५ तारखेला वाटायची ठरली होती. आता जी भरून झालीत ती उद्यापासून.

वाटायची कुठे यावरून वाद झालाच. गेटवर रांग लावायची, साहेबांच्या हस्ते द्यायची, मागे बॅनर. मी नाही म्हटलं. याच गेटमधून ही पोरं पंच मारून आत यायची. त्याच गेटबाहेर पिशवीसाठी उभं करायचं आणि आतले सुपरवायझर खिडकीतून बघणार? मॅडम माझ्या बाजूने बोलल्या, हे लिहून ठेवलं पाहिजे. फोटो हवाच असेल तर भरलेल्या रॅकचा काढा, असं ठरलं.

कंपनीच्या टेम्पोतून खोल्यांवर पोचवायचं. माल आमच्याच कार्टनमध्ये भरलाय, बाहेरचं पार्ट नंबरचं लेबल मुद्दाम काढलं नाही. चाळीत शेजाऱ्यांना वाटेल कंपनीचं काहीतरी आलंय.

१३ जुलै, सोमवार

शनिवार आणि आज मिळून २० किट गेली. १२ स्टोअरमध्ये राहिली. रात्री साडेनऊला एक फोन. 'आमचं चाललंय' म्हणणाऱ्या सहांतला एक. आधी तब्येत विचारली, पावसाचं बोलला, निसर्ग वादळात मेहुण्याचे पत्रे उडाले ते सांगितलं. मग म्हणाला, "त्या दिवशी फोन त्यांनी केला ना, ते आमच्याच गल्लीत राहतात." एवढंच. क्लार्कचं बोलत होता. समजलो. यादीवर ३३वं नाव घातलं, ज्वारीचं किट, फोन मीच करायचा. शिल्लक ३,८०४.

२४ जुलै, शुक्रवार

दहा दिवसांनी शटर उघडलं आणि पोटात गोळा आला. उंदीर नाही, सोंडे नाहीत, पण चार किट ठेवली होती त्या रॅकच्या मागे आरपी ऑइलचे ड्रम. गंज लागू नये म्हणून जॉबला लावतो ते तेल. कोंदट हवेत, बंद शटरमागे दहा दिवस. तांदळाच्या पिशवीला नाक लावलं तर वाटलं येतोय वास, पुन्हा लावलं तर वाटलं नाही येत. वीस वर्षं त्या वासात काढल्यावर नाकाचा काय भरवसा?

मूठभर तांदूळ मावशींना दिला. त्यांनी छोट्या पातेल्यात टाकला. उकळी आली, झाकण काढलं, वाफेवर तोंड नेलं आणि लगेच मागे घेतलं. "मशीनचा भात झालाय हा."

२० किलो तांदूळ बाद. ७६० रुपये माझ्या खिशातून भरले, जागा मी निवडली होती. डाळ आणि गव्हाला वास नव्हता, दोघांनी वेगवेगळा घेऊन बघितला. बाकीची किट संध्याकाळी मीटरच्या खोलीत हलवली. स्टोअरच्या माणसाने खाण्याचा माल तेलाजवळ ठेवावा, याला काय म्हणायचं! लाल टॅग मलाच लावायला हवा होता.

२८ जुलै, मंगळवार

सगळी ३३ पोचली. साबुदाणाही गेला, एकादशी उलटून चार आठवडे झाल्यावर. श्रावण लागलाय, सोमवारला होईल.

५ ऑगस्ट, बुधवार

११ जणांना कामावर परत बोलावलं. राहिले २२. कंपनीच्या गणपतीची वर्गणी यंदा १५,००० जमली. मूर्ती छोटीच आणायची, मांडव नाही, म्हणून ती इकडे द्यायचं अध्यक्षांनी जाहीर केलं. तेवढेच कंपनीने वेल्फेअरमधून घातले. मागची शिल्लक धरून ३३,८०४.

या वेळी किट नको, असं मी सुचवलं. खोल्यांच्या जवळच्या किराणा दुकानात प्रत्येकी १,३०० रुपयांची चिठ्ठी द्यायची, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. इंडेंटही त्याचा, माल इश्यूही त्याच्यासमोर. पर्चेसचे साहेब म्हणाले, तंबाखू घेतली तर? घेतील थोडी, असं मी म्हटलं. आपणही घेतो.

८ ऑगस्ट, शनिवार

दुकानदाराकडे गेलो आणि गाडं अडलं. चिठ्ठ्यांना तो लगेच तयार, जरा जास्तच तयार. मग वही काढली. २२ पैकी १६ जणांची उधारी त्याच्याकडे, कुणाची आठशे, एकाची सहा हजार चारशे. त्याचा हिशेब सरळ: चिठ्ठी आली की जुन्या बाकीत वळती.

मी म्हटलं, शेठ, मग त्यांच्या ताटात काय पडलं? तो चिडला नाही. म्हणाला, एप्रिल-मेमध्ये तुमची कंपनी बंद होती तेव्हा या लोकांना कुणी खायला घातलं? मी घातलं. माझा होलसेलवाला मला आता रोखीशिवाय गोणी देत नाही. तुमच्या खोक्यात माझं नाव आहे का कुठे?

याला उत्तर नव्हतं. ऊन उतरेपर्यंत बसलो. ठरलं ते असं: चिठ्ठीवर फक्त नवा माल, वळती काही नाही. त्याबदल्यात २२ चिठ्ठ्यांचे २८,६०० रुपये महिनाअखेरीची वाट न बघता आधीच रोख द्यायचे, म्हणजे त्याला गोण्या उचलता येतील. आणि ज्यांची उधारी बंद केली होती त्यांना पाचशेपर्यंत पुन्हा सुरू करायची. शेवटची अट त्यानेच स्वतःहून घातली.

खरी अडचण धान्याची कमी आणि उधारी बंद झाल्याची जास्त होती, हे दोन महिने यादी करून मला दिसलं नाही. दुकानदाराने चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

१९ ऑगस्ट, बुधवार

बिलं आली. तेल सगळीकडे. ज्वारी, ज्वारीचं पीठ. बटाटे. दूध पावडर. सॅनिटरी पॅड नऊ बिलांत, आमच्या किटमध्ये ते सुचलंच नव्हतं कारण यादी करणारे दोघेही पुरुष. मोबाइल रिचार्ज चार ठिकाणी. पोरांची शाळा मोबाइलवर, त्यालाही शिधाच म्हणायचं. एका बिलावर १० रुपयांची तंबाखूची पुडी. पर्चेसच्या साहेबांनी तेवढ्यावर बोट ठेवलं. मी बिल फाइलला लावलं.

३१ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी बातमी, एप्रिल ते जून तिमाहीत जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरला. अकाउंट्सच्या साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे मात्र ऑर्डर हळूहळू येतायत, गेल्या आठवड्यात दोन ट्रक माल उतरवला.

५ सप्टेंबर, शनिवार

आणखी १४ जणांना सोमवारपासून बोलावलंय. राहिले ८. शिल्लक ५,२०४ रुपये. एवढ्यात चारच चिठ्ठ्या बसतात, उरलेल्या चारांसाठी मंगळवारी पुन्हा पाकिटं ठेवतोय.

स्टोअरमध्ये माल येऊ लागल्याने रॅक मोकळे करायचे होते. शिध्याच्या रॅकवर मोजणी केली: नूडल्स ६, सोनपापडी ३ (लाल टॅगसह), मीठ ८ पुडे. एका पुड्याचा कोपरा ओला झालाय, तो वेगळा ठेवला. खोका टाइम ऑफिसमधून उचलायचा का, असं सिक्युरिटीवाल्याने विचारलं. राहू दे म्हटलं. आत बघितलं तर कुणाची तरी छत्री.

१४ च्या यादीवर परतूरकडच्या पोराचं नाव नाही. जाताना त्याला फोन करायचाय. चिठ्ठीचं सांगेन. तो काय विचारणार ते माहीत आहे.